पॅनेल बसवले, धुवायचे कसे?

मा. संपादक,

'पीएम सूर्यघर' योजनेत छतावरच्या ३ किलोवॉटच्या सौर पॅनेलना ७८ हजारांचे अनुदान मिळते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पॅनेल धुवायचे कसे, हे मात्र बसवणारा क्वचितच सांगतो.

धुवावे ते सकाळी लवकर, काच गार असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते. आधी इन्व्हर्टरचा (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या पेटीचा) एसी, म्हणजे घराकडचा स्विच बंद करावा, मग डीसी, म्हणजे पॅनेलकडचा. तरीही उजेडात पॅनेलच्या वायरींत व्होल्टेज असतेच, म्हणून जोडांना हात लावू नये. धूळ आधी भिजू द्यावी, मग लांब दांड्याच्या मऊ मॉपने पुसावी. धुण्याची पावडर आणि तारेची घासणी नकोच. बोअरचे जड पाणी वायपरने लगेच निपटावे, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात.

खरी मेख खालच्या कडेला असते. उतार कमी असला की पाणी फ्रेमपाशी थबकते आणि बोटभर चिखलाची पट्टी जमते. पॅनेलमधले सेल (वीज तयार करणाऱ्या चकत्या) एकामागे एक जोडलेले असल्याने एवढ्याशा पट्टीनेही पॅनेलची वीज बरीच घटते. कबुतरांच्या विष्ठेखालचा सेल तर तापून खराब होतो. तिथे ओला फडका दहा मिनिटे ठेवावा, खरवडू नये. पॅनेलवर पायही देऊ नये. सेलला न दिसणारे तडे जातात.

३ किलोवॉटला स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. धुऊनही आकडा फारच कमी राहिला, तर वायरिंग तपासून घ्यावे. आणि कोटेशन घेतानाच गच्चीवर नळ व रांगांमध्ये दोन फुटांची वाट मागावी. नंतर कुणी करून देत नाही.

– एक वाचक, सांगली