पोटार्थी कोण?

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत गेलेले आपले लोक 'पोटार्थी' होते, असे एका वाचकाने याच सदरात लिहिले. आमच्या घराला हा शब्द नवा नाही.

माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. त्यांचे धाकटे भाऊ त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारात, भूमिगत. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या लोकांनी सरकारी पगाराची रेल्वे लुटली. 'दादाचाच पगार गेला,' असे धाकटे आजोबा पुढे हसत सांगायचे. आजोबा हसत नसत. आजी तव्यावरची नजर न काढता म्हणायची, 'लुटीचं मला ठाऊक नाही, मनिऑर्डरीवर सगळं घर जेवलं.' 1972 साली धाकट्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट आला, तो समोरच्या खोलीत लागला. आजोबांचे इटली स्टार पदक ट्रंकेतच राहिले.

आता माझे. यजमान मराठी, पण अमेरिकी नागरिक आणि अमेरिकी लष्करात. आमचा मुक्काम इटलीतच, विचेन्झाच्या तळावर. ओळखपत्रावर ते 'स्पॉन्सर', मी 'डिपेंडंट'. बारा वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईला हा शब्द चांगलाच झोंबतो! गावी गेले की धाकट्या आजोबांचे चिरंजीव, आप्पाकाका, हमखास विचारतात, 'परक्यासाठी लढायचं खूळ तुमच्याच घरात कसं गं?' मी चहा करायला उठते. यजमान मोहिमेवर असले की रात्री तोच प्रश्न मलाही छळतो.

एप्रिलमध्ये फोर्लीच्या भारतीय युद्धस्मशानभूमीत गेले. शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 ला जिथे व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले, ती सेनिओ नदी तिथून फार लांब नाही. (नदी कसली, आपल्याकडे ओढाच म्हणतील, बांध मात्र छातीवर येणारे.) दहन झालेल्यांची नावे स्मारकावर कोरली आहेत.

पोटासाठी गेलो, हे आजोबांनी कधी नाकारले नाही. धाकट्या आजोबांना पकडू पाहणारे सरकार आणि आजोबांना पगार देणारे सरकार एकच होते, हेही खरे. माझी हरकत त्या शब्दातल्या तुच्छतेला आहे.

स्मारकाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवस कोणी काही बोलले नाही. मग आप्पाकाकांचा निरोप आला : 'खालच्या ओळी लागत नाहीत. जवळून काढून पाठव.'

– सांगली जिल्ह्याची एक माहेरवाशीण, सध्या विचेन्झा, इटली