उपकेंद्रातल्या आमच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा कळलं. समोर बसून बोलायचं राहूनच गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. दहाव्या दिवशी टाके काढायला या, एवढंच सांगितलं. काय दिसलं तर धावत यायचं, हे कुणीच सांगितलं नाही. सातव्या दिवशी रात्री आईचा परकर ओला लागला. फिकट गुलाबी पाणी, मटण धुतल्यावर येतं तसं. आई म्हणाली, घाम असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, घाण निघून जातेय, चांगलंच आहे, हळद भर. मी हळदीचा डबा खाली काढलाही होता. मग राहवलं नाही आणि तुम्हाला फोन लावला.

"आईंना उठून बसू देऊ नका. गुडघे जरा दुमडून आडवंच ठेवा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. जखमेत काही घालू नका, हळद तर नाहीच. मी निघाले."

साडेदहा वाजले होते, पाऊस होता. तुम्ही सलाईनने ओलं केलेलं गॉज जखमेवर ठेवलंत, 108 ला फोन केलात, आणि गाडी येईपर्यंत मला बाजूला घेऊन सांगितलंत, की पहिल्या आठवड्याच्या सुमारास असं एकदम पाणी सुटणं ही आतला थर उसवत असल्याची खूण असू शकते. नशिबाने आतला थर शाबूत निघाला. पण कातडीखाली पू झाला होता आणि साखर 300 च्या वर. चार टाके काढून जखम उघडीच ठेवली.

ती उघडी जखम बघून मला रडू कोसळलं. परत शिवत का नाहीत, हे मी किती जणांना विचारलं असेल! उत्तर तुम्ही दिलंत. वरून तोंड बंद केलं तर पू आत कोंडतो, जखम तळापासून भरत वर यायला हवी.

पुढचे 26 दिवस तुम्ही रोज आलात. रविवारीसुद्धा. चिमट्याने गॉजची पट्टी कोपऱ्यापर्यंत हलकेच सरकवायची, ठासून भरायची नाही. आणि दरवेळी मोठ्याने मोजायचं: "आत दोन." दुसऱ्या दिवशी काढताना, "बाहेर दोन." एखादा तुकडा आत राहिला तर जखम पुन्हा पिकते, म्हणून. दहाव्या-बाराव्या दिवशी तुम्ही मला वाकून बघायला लावलंत. तळाशी लालभडक, दाणेदार मांस आलं होतं. आम्ही आटपाडीकडची माणसं, मला डाळिंबाचे दाणेच आठवले. तुम्ही म्हणालात, "हेच पाहिजे होतं." त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

आणि आईचं जेवण! डाळ, भात, वांगं, अंडं, सगळं बंद केलं होतं, टाके पिकतात म्हणून. नुसती भाकरी आणि दूध. तुम्ही चिडलात, आणि बरं झालं चिडलात. "टाके डाळीने पिकत नाहीत काकू, जंतूंनी पिकतात, आणि साखर वाढली की जास्त. मांस भरायला डाळ, मटकी, अंडं पोटात जायलाच हवं." इन्सुलिनची सुई टोचायलाही तुम्हीच शिकवलंत. आई माझं ऐकत नव्हती, तुमचं ऐकलं.

शेवटचं ड्रेसिंग झालं त्या दिवशी आई लगेच कळशी उचलायला निघाली होती. तुम्ही दारातून परत फिरलात. कातडी मिटली तरी आतल्या शिवणीला ताकद यायला महिने लागतात, आणि ती मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपासच जाते, हे तिला बसवून समजावलंत. कळशी अजून मीच उचलते.

नव्या गावी तुमची खोली लागली की पत्ता कळवा. आईने शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. उखळात कुटली मी, ती फक्त शेजारी बसून मीठ सांगत होती.

तुमची ऋणी,
काकूंची मुलगी