ओवीचा मासळीचा मऊ भात

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

ओवीला सात महिने पूर्ण झाले, वरण-भात आणि कोहळं पचतंय, तेव्हा आता मासळी सुरू करायला हरकत नाही. रांधणार तू आहेस म्हणून बारीकसारीक सगळं लिहिते.

मासा निवडतानाच अर्धी काळजी मिटते. नागपुरात मिळणाऱ्या गोड्या पाण्याच्या माशांत बाळासाठी मरळ सगळ्यांत चांगली. मधला काटा आणि फासळ्या काढल्या की मांसात फारसं काही उरत नाही. ती नसेल तर मोठा रोहू किंवा कटला घे, पण पोटाकडचाच तुकडा. पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात बारीक दुफाट्याचे काटे रुतलेले असतात, ते वाफवून मऊ पडत नाहीत. लहान रोहू तर घेऊच नकोस. सुरमईही नको, मोठ्या समुद्री माशांत पारा साठत जातो. भोईपुऱ्यात जा की मंगळवारीत, कल्ला उचलून लाल आहे ना ते बघ आणि बोटाने दाबून बघ, पडलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. कातडी तिथेच काढून घे.

एका वेळेला एक मोठा चमचा चिन्नोर तांदूळ, एक छोटा चमचा मूगडाळ, कोहळ्याच्या दोन फोडी, गाजराच्या दोन चकत्या आणि पाऊण वाटी पाणी. हे डब्यात घालून कुकरला चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद आच, आणि वाफ आपोआप जिरू दे. मासा यात टाकू नकोस, कुकरमध्ये तो कोरडा आणि धागेदार होतो. दोन बोटं रुंदीचा तुकडा हळद आणि लिंबू चोळून धू, आणि चाळणीवर आठ-दहा मिनिटं वाफव. मांस आतपर्यंत पांढरं व्हायला हवं आणि बोट लावताच पाकळ्या सुटायला हव्यात. मध्ये काचेसारखा भाग दिसला तर अजून कच्चा आहे.

आता काटे. पांढऱ्या किंवा स्टीलच्या ताटात ते दिसत नाहीत, म्हणून गडद रंगाची बशी घे आणि दिव्याखाली बस. एकेक पाकळी अंगठा आणि तर्जनीत चिमटून कुस्करायची, सगळं झालं की पुन्हा एकदा पहिल्यापासून. शेवटी चमच्याच्या पाठीने बशीवर दाबून फिरव, राहिलेला काटा तिथे खरखरतो. मिक्सर वापरायचा नाही. त्यात काट्याचे तुकडे होतात, मग ते हाताला सापडत नाहीत, आणि भाताचा डिंक होतो तो वेगळाच.

भात डाळ-भाज्यांसकट घोटून त्यात मासा आणि अर्धा चमचा तूप मिसळ. पातळ करायचं तर उकळून कोमट केलेलं पाणी किंवा पल्लवीचं दूध, पण बेताने. आईच्या दुधाने भात ठेवल्या ठेवल्या आणखी सैल होतो. चमचा तिरका केला तर घास हळूच घसरावा, धार लागू नये. पाणचट पेजेने एवढंसं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. सहा महिन्यांनंतर अंगातला लोहाचा साठा उतरतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. मासळीमुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं, म्हणून तर हा खटाटोप. वरून दोन थेंब लिंबू पिळ, त्याचाही तोच उपयोग. मीठ, साखर, मध वर्षाच्या आत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी दोन-तीन चमचेच दे आणि पुढचे तीन दिवस दुसरं नवं काही देऊ नकोस. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा वारंवार उलटी झाली तर मासा थांबवून डॉक्टरांना दाखव. श्वासाला त्रास दिसला तर लगेच दवाखाना. सगळं ठीक असेल तर आठवड्यातून दोनदा पुरे.

भात शिजला तरी त्यातले काही जंतू तग धरून असतात आणि भात बाहेर राहिला की वाढतात. आपल्याकडच्या वैशाखात तासाभराच्या वर बाहेर ठेवायचा नाही. उष्टा उरलेला टाकून दे. न उष्टावलेला लगेच फ्रिजमध्ये गेला तर दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून चालतो.

तुझी,
आई