शिक्षकांना बदल वर्गात दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे आणि ‘शिक्षकांनाच बदल नको असतो’ हे पालुपदही पुन्हा सुरू झाले आहे. नाशिक जिल्ह्यात केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांचे मिळून जे ‘केंद्र’ असते, त्याचा प्रमुख) म्हणून काम केल्याने या आरोपाविषयी थोडे लिहितो.

२०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाला वर्षभर पाहून शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. झाले काय? तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या आणि ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य निम्म्या वर्गापुढे जसेच्या तसे उतरले. मुलींच्या नावापुढेसुद्धा ‘घेतो’च!

मात्र ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीची, लाट आली तेव्हा साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, कित्येक जण पदरमोड करून. परतल्यावर पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरही वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने अंक आले, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले गेले. ४२ मधून १७ काढायचे तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे मुलाने स्वतः करून पाहिले की हातच्याची वजाबाकी घोकून घ्यावी लागत नाही. शासनाचे आदेश दोन्ही वेळा होते. पण इथे शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा चालू वर्ग पाहिला होता. (काही शाळांत फक्त फरशी रंगली, हेही खरे.)

त्यात निर्णयांची धरसोड. पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने २०२३ मध्ये आली, २०२५ मध्ये गेली. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा एप्रिल २०२५ चा निर्णय शाळा उघडून दोन आठवडे होतात न होतात तोच रद्द झाला. मग नवे परिपत्रक आले की शिक्षक ‘दिवाळीपर्यंत टिकतंय का बघू’ म्हणतात, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. दोन शिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरायला बसला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, तो भाग वेगळाच.

माझी सूचना साधी आहे. केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, सभागृहात पीपीटी दाखवून उरकू नये. केंद्रातल्याच एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात, मुले समोर असताना घ्यावी. जिल्हा परिषदेने पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांपासून सुरुवात करावी आणि जाण्यायेण्याचा खर्च शिक्षकांच्या खिशातून जाऊ देऊ नये.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख, इंदिरानगर, नाशिक