ओंकारच्या क्लासचे पैसे भरण्याआधी

रुवैस, अबुधाबी

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

व्हॉट्सॲपचा कॉल इथे लागत नाही, आणि साध्या फोनवर हे सगळं सांगायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, तू म्हणशील तसं" म्हणून फोन आईकडे द्याल. म्हणून लिहूनच काढतोय. ओंकारला प्रिंट काढायला लावा.

त्याने पाठवलेली जाहिरात पाहिली. एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न मोडता तिच्यातले दोष शोधायच्या माझ्याच कामाच्या, सहा मेथड, पंधरा दिवस, 'एएसएनटी लेव्हल टू', खाली 'शंभर टक्के गल्फ प्लेसमेंट'. अण्णा, पैसे भरू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

नुसता तासांचा हिशेब करा. एएसएनटी ही एनडीटीची अमेरिकन संस्था, तिची एसएनटी-टीसी-१ए नावाची शिफारस आहे, सगळे हिच्याच नावाने लेव्हल टू विकतात. तिच्यात बारावी झालेल्या मुलाला यूटीसाठी (अल्ट्रासोनिक, ध्वनिलहरींची तपासणी) लेव्हल वनचे ४० आणि टूचे ४० तास शिकवायला सांगितलंय. आरटीला (रेडिओग्राफी, एक्स-रेसारखी) तेवढेच. म्हणजे दोनच मेथडचे १६० तास झाले. दिवसाला आठ तास बसवलं तरी वीस दिवस. उरलेल्या चार कधी शिकवणार? आणि हे फक्त वर्गातलं. यूटीत लेव्हल टू व्हायला कुणाच्या तरी हाताखाली प्रत्यक्ष काम केलेलं लागतं, आधी २१० तास, मग आणखी ६३०. ते कुठल्या क्लासात होणार?

मुख्य गोष्ट पुढेच आहे. या पद्धतीत लेव्हल वन आणि टूचं सर्टिफिकेट देते ती नोकरी देणारी कंपनी. तिची स्वतःची लेखी कार्यपद्धती असते, तिचा लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा माणूस, जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल परीक्षा घेतो आणि सही कंपनी करते. नोकरी सुटली की ते सर्टिफिकेटही संपलं. मी सातपूरची नोकरी सोडली तेव्हा यूटीची लेव्हल टू तिथेच राहिली. इथे आल्यावर तिन्ही परीक्षा पुन्हा दिल्या. क्लास जे देतो तो शिकल्याचा आणि परीक्षा दिल्याचा कागद. नवी कंपनी तो मानेल किंवा नाही मानणार, तिची मर्जी.

यात फसवणूक आहे असं नाही. तुम्ही ओझरच्या विमान कारखान्यात होतात, तुम्हाला माहीतच असेल, विमानाच्या पार्टसाठीची नॅस ४१० आणि ईएन ४१७९ ही मानकंसुद्धा कंपनीनेच माणसाला पात्र ठरवायचं याच तत्त्वावर चालतात. कंपनी खरी आणि लेव्हल थ्री कडक असेल तर ती लेव्हल टू मी डोळे झाकून मानीन. प्रश्न येतो तो मागे कंपनीच नसलेल्या लेव्हल टूचा.

दुसरा रस्ता आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा. त्यात परीक्षा त्रयस्थ संस्था घेते. इंग्लंडच्या पीसीएन, सीएसविप या योजना त्यातल्याच. आपल्याकडे चेन्नईची आयएसएनटी ही एनडीटीची संस्था आयएस १३८०५ या भारतीय मानकाप्रमाणे सर्टिफिकेट देते. प्रत्येक भागात ७० टक्के लागतात, मुदत पाच वर्षं, आणि नोकरी बदलली तरी कागद तुमच्याजवळ राहतो. मात्र सलग वर्षभराहून जास्त काम सुटलं तर तोही अडचणीत येतो, आणि प्रत्यक्ष कामाला लावण्याची लेखी परवानगी इथेही कंपनीलाच द्यावी लागते.

एवढं करूनही क्लायंटचं समाधान होत नाही. शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तो) सुरू होण्याआधी इथे आम्हाला वेल्डिंग केलेली प्लेट हातात देतात. आत मुद्दाम दोष ठेवलेले असतात. कुठे क्रॅक, कुठे लॅक ऑफ फ्यूजन (नीट न जुळलेलं वेल्डिंग), किती लांब, किती खोल, सगळं मोजून लिहून द्यायचं. असलेला दोष सुटला तर गेलातच, पण नसलेला दाखवलात तरी मार्क जातात. मागच्या शटडाउनला एक मुलगा आला होता, फाइलमध्ये सहा मेथडची सर्टिफिकेटं, लॅमिनेशन केलेली. त्याला व्ही-वन ब्लॉकच्या (यूटीचं मशीन जुळवायचा ठोकळा) १०० मिमी गोल कडेवरून प्रोबचा इंडेक्स पॉइंट, म्हणजे ध्वनी बाहेर पडायची जागा, काढता येईना. दुसऱ्याच आठवड्यात परतीचं तिकीट. घरून कर्ज काढून आला होता. ओंकारची जाहिरात पाहिली तेव्हा पहिला तोच आठवला.

आईला रेडिएशनची भीती वाटते, तिला सांगा की आपल्याकडे आरटीतला इरिडियमचा किरणोत्सर्गी सोर्स हाताळायला एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियम आहेत, त्यासाठीचं प्रशिक्षण वेगळं, अंगावर डोस मोजणारा टीएलडी बॅज लागतो, आणि डोस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत ठेवावा लागतो. क्लासच्या आरटी लेव्हल टूवर कुणी त्याला सोर्सला हात लावू देणार नाही. म्हणजे त्या पॅकेजमधली सगळ्यात महाग मेथड त्याच्या काहीच उपयोगाची नाही.

मी काय सुचवतो ते सांगतो. आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. जवळची नजर दरवर्षी तपासतात, आयएसओला ३० सेंटिमीटरवरून जेगर एकची (तक्त्यावरची अगदी बारीक) अक्षरं वाचावी लागतात. चष्मा चालतो. रंगांचीही तपासणी करून घ्या. पीटीत, म्हणजे डाय पेनिट्रंट तपासणीत, पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटते, ती दिसायलाच हवी.

मग फक्त पीटी आणि एमटी (चुंबकाने भेगा शोधणं). पीटीला दोन्ही लेव्हल मिळून वर्गाचे १२ तास आणि कामाचे २१०, एमटीला २० आणि २८०. आवाक्यातलं आहे. तेवढ्यावर अंबड किंवा सिन्नरला फाउंड्रीत, फॅब्रिकेशनमध्ये हेल्पर म्हणून का होईना लागू दे. पगार कमी मिळेल, तो मी बघतो. वही ठेवायची: तारीख, जॉब, मेथड, तास, आणि दर आठवड्याला लेव्हल थ्रीची सही. दर आठवड्याला, नोकरी सोडताना नव्हे. माझ्या तासांचं पत्र मिळवायला आधीच्या एका कंपनीत मी किती खेटे घातले ते तुम्ही पाहिलंय. यूटीचं नंतर बघू, तेव्हा थेट ९७१२ ची परीक्षा देऊ दे.

क्लासवाल्यांना एवढंच विचारा, तुमचा लेव्हल थ्री कोण आणि त्याचं सर्टिफिकेट दाखवाल का? आणि मशीनवर प्रत्येक मुलाला किती तास मिळतात? उत्तर देताना ते प्लेसमेंटवर घसरले तर उठून या.

पीटी-एमटीचे पैसे एक तारखेला पाठवतो. ओंकार रुसेल, त्याचे मित्र आखातात येऊन फोटो टाकतात ना. रुसू दे.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? काढला असेल तर फिल्मचा फोटो पाठवा. मला त्यातलं वेल्डिंगच कळतं, पण बघून ठेवतो.

आपला,
राहुल