हरकतीच्या अर्जातला ‘करतो’: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

कोकणात बंदर, रिफायनरी, किनाऱ्याचा आराखडा असं काही यायचं झालं की वाद आधी मोबाइलवर पेटतो, सभेत नंतर. त्या वादात बाईचा मुद्दा खोडण्याआधी तिला भाषेतच लहान केलं जातं. बाईचा विनयभंग करणाऱ्या शब्दांसाठी कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पत्र शिवी नसलेल्या भाषेबद्दल आहे.

पुरुष बोलला की ‘सरांनी मुद्दा मांडला’. बाई बोलली की ‘ताईंनी भावना व्यक्त केल्या’, मग तिने आकडे का दिले असेनात. एप्रिल २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाविरुद्ध बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. अशा वेळी ‘बायकांना पुढे केलंय’ हे वाक्य हमखास येतं. आम्हाला ते सगळ्यांत वाईट वाटतं, कारण पुढे करणारा कुणी पुरुषच असणार हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ती अहवाल वाचून, स्वतःच्या मताने आली, याला त्या वाक्यात जागाच नाही. आणि ‘हातात बांगड्या भरल्यात का?’ हे आपल्या सहकाऱ्यांनी तरी व्यासपीठावरून म्हणू नये. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात माशांच्या टोपल्या बांगड्या भरलेले हातही उचलतात.

‘मच्छीमार’ म्हटलं की होडी, जाळं आणि होडीचा प्रमुख तांडेल डोळ्यांसमोर येतात. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढतात त्या बहुतेक बाया. त्यांच्याकडे होडी नाही, म्हणून नौकेचा नोंदणी क्रमांक नाही. प्रकल्पावर हरकत घेण्याच्या ऑनलाइन अर्जात तो रकाना सक्तीचा ठेवला, तर भरावाखाली कोणता चिखल गाडला जाईल हे ज्यांना नेमकं ठाऊक, त्यांचीच हरकत अडते.

अर्जातलं ‘मी घोषित करतो की’ बदलणं कठीण नाही. ‘करतो/करते’ अशी तिरकी रेघ ओढली तर काम अर्धंच होतं. पुढच्या ओळीत ‘राहतो’ आणि तळाशी ‘सही करणारा’ तसाच उरतो. मराठीत सकर्मक क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलतं. ‘मी आराखडा वाचला’, ‘मी हरकत नोंदवली’ हे कुणीही म्हणू शकतं. ‘माझी हरकत अशी आहे’ हेही तसंच. (मालवणीत तर पुरुष काय नि बाई काय, दोघंही ‘मी सांगतंय’च म्हणतात.) ‘वडिलांचे/पतीचे नाव’ हा रकाना हरकतीला लागतच नाही, तो काढावा.

समाजमाध्यमांतल्या शासकीय पानांवरच्या प्रतिक्रिया नुसत्या शब्दांच्या यादीने गाळल्या तर उलटंच होतं. ‘ताई, आधी कुकर लावा’ यात यादीतला एकही शब्द नसतो, ते टिकतं. आपल्याला कोणती शिवी दिली हे लिहिणाऱ्या बाईची तक्रार मात्र उडते. रोमन लिपीतली मराठी तर देवनागरी यादीच्या हातीच लागत नाही. म्हणून तपासणी माणसाने करावी आणि एवढंच पाहावं: हे उत्तर मुद्द्याला आहे की बोलणारीच्या बाईपणाला? आक्षेपार्ह मजकूर पुसू नये, लपवावा, आणि तारीख, वेळ, दुवा यांसह जपून ठेवावा. पोलिसांत जायचं झालं तर तो पुरावा असतो.

जनसुनावणीच्या इतिवृत्तात ‘उपस्थित महिलांनी विरोध केला’ एवढ्यावर भागवू नये. प्रत्येकीचं नाव, गाव आणि मुद्दा वेगळा लिहावा, जसा पुरुषांचा लिहिला जातो.

हरकतीचा अर्ज आणि इतिवृत्त यांचा एकेक नमुना भाषा संचालनालयाकडून करून घ्यावा आणि पालघर ते सिंधुदुर्ग सर्व जिल्हाधिकारी कार्यालयांना पाठवावा. पर्यावरणविषयक जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. अर्जाचा नमुना त्या नोटिशीलाच जोडावा.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील काही भाषा-संपादक आणि अनुवादक