सगळ्या व्हिस्कींना एकच गुणपत्रिका?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निरनिराळ्या देशांतल्या बारा व्हिस्कींची चव घेऊन त्यांना शंभरपैकी गुण देणारा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे हे उघड आहे, आणि मराठीत ज्यावर फारसे गंभीरपणे लिहिले जात नाही असा विषय त्यांनी हाती घेतला, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. परंतु स्कॉटलंडची धुरकट सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, मोड आणलेल्या जवाची), आयर्लंडची पॉट स्टिल (हंड्यासारख्या भट्टीत गाळलेली), अमेरिकेची बर्बन आणि राय या सगळ्यांना एका रांगेत उभे करून एकाच तक्त्यात वरखाली बसवण्याची जी पद्धत त्यांनी वापरली आहे, ती मला मुळातच सदोष वाटते. ती का, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

तक्त्यात रायला सर्वांत कमी गुण आहेत आणि कारण दिले आहे ‘फार तिखट’. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या माल्टचे गुण ‘औषधासारखा वास’ म्हणून कापले आहेत. (लेखात बेटाचे नाव ‘इस्ले’ असे छापले आहे; खरा उच्चार ‘आयला’ असाच आहे, आणि मराठी कानाला तो दचकवणारा असला तरी त्याला इलाज नाही.) बर्बन मात्र ‘गोड आणि स्मूद’ म्हणून पहिली आली आहे. आता, अमेरिकी नियमांनुसार रायमध्ये किमान ५१ टक्के राय हे धान्य असावेच लागते, आणि त्या धान्याचा झणका हेच त्या व्हिस्कीचे वैशिष्ट्य असते. तिखट लागली म्हणून रायचे गुण कापणे म्हणजे धृपद गायकाने ठुमरीसारखी मुरकी घेतली नाही म्हणून त्याला नापास करण्यासारखे आहे.

बर्बनचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिची चव बऱ्याच अंशी कायद्यानेच ठरवून दिली आहे. किमान ५१ टक्के मका, ऊर्ध्वपातनातून निघणाऱ्या मद्याची तीव्रता ८० टक्क्यांहून अधिक नाही, पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांहून अधिक नाही, आणि पिंप ओकचे, आतून जाळलेले व कोरे. या कोऱ्या, जळक्या लाकडातूनच व्हॅनिलाचा गंध आणि खोबऱ्याची आठवण करून देणारी ती लॅक्टोन नावाची संयुगे मोठ्या प्रमाणात मद्यात उतरतात. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नाही, म्हणून अशी असंख्य पिंपे स्कॉटलंडला जातात आणि तिथे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भरली जातात. तोवर लाकडाचा जोर ओसरलेला असतो, आणि माल्टचे स्वतःचे फळांचे, फुलांचे, धान्याचे बारीक गंध टिकून राहतात. अशा माल्टमध्ये जर बर्बनइतकाच व्हॅनिला भरून राहिला, तर जाणकार परीक्षक ‘लाकडाने व्हिस्की गिळली’ असा शेरा मारील. बर्बनमध्ये तो नसेल, तर तोच परीक्षक ती पोकळ ठरवील. एकच गंध एका घरी गुण आणि दुसऱ्या घरी दोष ठरत असेल, तर त्या गंधाचे गुण दोन्ही घरांना एकाच फूटपट्टीने द्यायचे कसे?

आयर्लंडच्या सिंगल पॉट स्टिलची गोष्टही वेगळी नाही. तिच्यात मोड आणलेल्या जवाबरोबर न मोडवलेला कच्चा जवही असतो. माल्टवरचा कर वाचवण्यासाठी ही रीत पडली असे सांगितले जाते. त्या कच्च्या जवामुळे येणारा तेलकट, जाडसर स्पर्श आणि मसालेदार छटा ही त्या शैलीची ओळख आहे. लेखात तिला ‘जराशी जड’ म्हटले आहे. ती जड नसती, तरच तक्रारीला जागा होती.

खरे तर कशाला व्हिस्की म्हणायचे यावरच एकेकाळी कोर्टकचेरी झाली होती. ईनियस कॉफी याने १८३० साली अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले, आणि धान्याचे हलके मद्य स्वस्तात व मुबलक निघू लागले. हे मद्य माल्टमध्ये मिसळून केलेल्या ब्लेंडला व्हिस्की म्हणता येणार नाही, असा निकाल लंडनच्या एका न्यायालयाने दिला. त्यावर १९०८ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने माल्ट आणि हे हलके मद्य हे दोन्ही प्रकार व्हिस्कीच आहेत असा निर्वाळा १९०९ मध्ये दिला. नाव एक झाले, पण स्वभाव काही एक झाला नाही. या हलक्या ‘ग्रेन’ व्हिस्कीला माल्टशेजारी ठेवले की ती पातळ वाटणारच.

आता लेखातल्या गुणविभागणीकडे वळतो. शंभरपैकी दहा गुण रंगाला दिले आहेत. स्कॉचच्या नियमांनुसार पाण्याखेरीज एकच गोष्ट मिसळायला परवानगी आहे, ती म्हणजे साधा कॅरमेल रंग, आणि तो अनेक उत्पादक वापरतात. बर्बनमध्ये तो चालत नाही. म्हणजे एका पेल्यात लाकडाने दिलेला रंग आणि दुसऱ्यात कदाचित रंगाऱ्याने दिलेला. त्यावरून दहा गुण वाटायचे म्हणजे गायकाचा आवाज त्याच्या अंगरख्यावरून ठरवण्यासारखे आहे. डोळा जिभेला फसवतो, हे ठाऊक असल्यामुळेच काही परीक्षक निळ्या किंवा काळ्या काचेचे पेले वापरतात.

वयालाही दहा गुण आहेत. बाटलीवर छापलेला आकडा हा तिच्यातल्या सर्वांत कोवळ्या मद्याचा असतो, आणि तो केवळ काळ सांगतो, परिपक्वता नव्हे. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात पिंपातून दरसाल साधारण दोन टक्के मद्य उडून जाते. उष्ण प्रदेशात हे प्रमाण कितीतरी अधिक असते आणि लाकडाशी होणारी देवाणघेवाणही वेगाने होते. कोऱ्या पिंपातली बारा वर्षे आणि तिसऱ्यांदा भरलेल्या पिंपातली बारा वर्षे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात मद्य कडवट, फळकुटासारखे तुरट होण्याची भीती, तर दुसऱ्यात ते अजून नीट जागेही झालेले नसेल.

धुराबद्दल लेखात एका माल्टचा ‘पन्नास पीपीएम’ (दशलक्षात पन्नास भाग) हा आकडा दिला आहे, जणू पेल्यातच तेवढा धूर आहे. हा आकडा बहुधा पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या जवातल्या फिनॉल या धुरकट वास देणाऱ्या संयुगांचा असतो. त्यातला मोठा भाग पुढे भिजवताना, ऊर्ध्वपातनात आणि पिंपात कमी होतो. शिवाय फिनॉल ऊर्ध्वपातनाच्या उत्तरार्धात अधिक येतात, त्यामुळे भट्टीवरचा माणूस मद्य घेणे कोणत्या क्षणी थांबवतो यावर धूर किती उतरणार हे अवलंबून असते. एकाच आकड्याच्या जवापासून केलेल्या दोन व्हिस्कींपैकी एक समुद्रकिनाऱ्यावर विझत आलेल्या शेकोटीसारखी, तर दुसरी आयोडिनने पुसलेल्या पट्टीसारखी लागू शकते. हा फरक सांगणे हेच तर परीक्षकाचे काम.

मला सर्वांत खटकलेली गोष्ट अशी की बाराही व्हिस्की बाटलीतून ओतल्या तशाच, एकाच बैठकीत, नावे समोर ठेवून चाखल्या गेल्या. त्यांतली एक ४० टक्क्यांची आणि एक जवळजवळ ६० टक्क्यांची होती. साठ टक्क्यांच्या पेल्यात नाक खुपसले की पुढची काही मिनिटे ते कामातून जाते. ब्लेंड करणारे जाणकार वास घेण्यासाठी मद्य पुष्कळदा पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास आणतात, ते काही हौस म्हणून नव्हे. धुराचा गंध देणाऱ्या ग्वायकॉल या संयुगाचे वर्तन स्वीडनमधील संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीत तपासले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना हे रेणू पृष्ठभागाकडे राहतात, आणि प्रमाण त्याहून बरेच वाढले की मद्यार्काच्या रेणूंनी वेढले जाऊन आत दडतात. म्हणजे पाण्याचे चार थेंब चव पातळ करतात असे नसून दडलेला गंध वर आणूही शकतात. पाणी घातल्यावर एखादी व्हिस्की गढूळ झाली, तर ती गाळताना मुद्दाम गार केलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. लेखात तिचे त्यासाठी दोन गुण गेले आहेत, ते परत द्यावेत अशी माझी विनंती आहे.

क्रमाचे महत्त्व मला स्वतःच्या फजितीतून कळले. काही वर्षांपूर्वी एका मित्राने केवळ क्रमांक लिहिलेले सहा पेले माझ्यासमोर ठेवले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने प्रत्येकाला गुण दिले. दुसऱ्या आणि सहाव्या पेल्यात एकच व्हिस्की होती. दुसऱ्या पेल्याला मी ८४ गुण दिले होते. सहाव्याला, अतिशय धुरकट पाचव्यानंतर, ७३, आणि शेजारी शेरा होता ‘निस्तेज’. त्या दिवसापासून माझा दशांशांवरचा विश्वास उडाला, आणि लेखातले ‘८७.५’ पाहून मला हसू आवरले नाही ते त्यामुळेच.

‘स्मूद’ या शब्दाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण लेखात तो अकरा वेळा आला आहे. घशाला जाळत नाही यापलीकडे तो काहीच सांगत नाही. शिवाय त्याला निकष केले की गोड, हलक्या शैली आपोआप वर जातात आणि राय, धुरकट माल्ट, पॉट स्टिल खाली राहतात. तक्त्यातला पक्षपात खरे तर या एका शब्दातून आला आहे. वास आणि चवीसाठी मराठी काही दरिद्री भाषा नाही. करपट आणि खमंग यांतला भेद, खवट आणि कुबट यांतला भेद, तुरट, आंबूस, उग्र, मंद, रेंगाळणारा, चटकन विरणारा, एवढी सामग्री हाताशी असताना परक्या गुळगुळीत शब्दावर अडून राहण्याचे कारण नाही.

मग तुलना करूच नये काय? करावी, पण सजातीयांत. पेल्यात कोणती शैली आहे हे परीक्षकाला सांगावे, उत्पादकाचे नाव मात्र झाकावे. पाच-सहा पेल्यांपुढे जाऊ नये, धुरकट पेले शेवटी ठेवावेत, आणि एक पेला गुपचूप दोनदा यावा म्हणजे परीक्षकाचीही परीक्षा होते. घोट थुंकण्यात कमीपणा नाही; निम्म्याहून अधिक निर्णय नाकच करते. काही दोष सर्व शैलींना समान आहेत, हे मी मान्य करतो: ओल्या पुठ्ठ्याचा कुबटपणा, साबणाची चव, गंधकाच्या धुरीने शुद्ध केलेल्या, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून कधीकधी येणारा जळक्या रबराचा वास. अर्थात गंधकाचा हा वास काहींना असह्य होतो, तर काहींना मुळीच जाणवत नाही, म्हणून परीक्षक एकाहून अधिक असलेले बरे. तोल आणि घोटानंतर चव किती टिकते या गोष्टीही शैली ओलांडून पाहता येतात. परंतु त्यापुढे प्रश्न एवढाच उरतो की ही राय चांगली राय आहे का, ही पॉट स्टिल चांगली पॉट स्टिल आहे का.

लेखकाने तक्त्यात तळाला असलेली ती राय एकदा दुसऱ्या दोन रायशेजारी, नावे झाकून, चार थेंब पाणी घालून पुन्हा चाखावी, आणि तेव्हाचे शेरे, गुणांशिवाय, आपल्या पुरवणीत छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक